सारथीचा डावा पाय

आमची वहिनी पाय बनवते. हे वाक्य मी कुठेही टाकलं की समोरचा आधी माझ्या पायांकडे बघतो आणि मला त्यात फार मजा येते. रुग्णालयाच्या तळमजल्यावर तिची कार्यशाळा आहे. भिंतीशी प्लास्टरचे साचे, टेबलावर कानशी, पाने आणि स्क्रूंचे डबे, मधोमध दोन समांतर दांड्या. त्या धरून माणसं नव्या पायावर चालून बघतात. वहिनी तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून बसते आणि नुसती पावलं ऐकते. "टाच अर्धं बोट उंच झालीय," म्हणते, आणि ती झालेलीच असते. तिचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली तिनेच बनवलेला आहे. कुणी "बिचारी" म्हणालं तर ती अशी खरडपट्टी काढते की तो माणूस पुन्हा आमच्या दारात दिसत नाही.

मी तिचा धाकटा दीर, वय बेचाळीस, आणि एका अंतराळ मालिकेच्या चाहता मंडळाचा चिटणीस. हसा खुशाल, घरचेही हसतात. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही वीसेक जण दर रविवारी जमतो आणि पस्तीस वर्षांपूर्वी संपलेल्या चाळीस भागांचा कीस पाडतो. यानाचा दरवाजा तिसऱ्या भागात आत उघडतो आणि नवव्या भागात बाहेर, यावर आम्ही दोन महिने भांडलो आहोत. मंडळाचा नियम एकच: मालिका चुकत नाही. काही जुळत नसेल तर कथेच्या आतलंच कारण शोधायचं. "बनवणाऱ्यांची चूक झाली" असं जो म्हणेल त्याने महिनाभर सगळ्यांच्या खुर्च्या मांडायच्या.

या नियमानेच आम्हाला गोत्यात आणलं. मालिकेतल्या यानाची सारथी एका पायाची, तिचा डावा पाय कृत्रिम. पण शेवटच्या भागात, यान कोसळत असताना, ती खाली बसून पायाचा स्क्रू पान्याने फिरवते आणि उठून सुकाणूकडे धावते, तेव्हा कृत्रिम पाय उजवा दिसतो. केसांचा भांगही दुसऱ्या बाजूला. आमचे अध्यक्ष जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणतात. त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी याचा उलगडा केला. ही सारथी नव्हेच, ही तिची धडधाकट जुळी बहीण! सारथी आधीच्या भागातच मेली, बहिणीने तिचं सोंग घेतलं आणि घाईघाईत खोटा पाय भलत्याच बाजूला चढवला. म्हणजे यान वाचवलं ते बहिणीने. या सिद्धान्ताचे तक्ते मी स्वतः रंगीत पेनांनी काढले होते.

यंदा मालिका बनवणाऱ्या कंपनीने नवी मालिका काढायचं ठरवलं, जुनी जिथे संपली तिथून पुढे. त्यांनी मंडळाकडे सारथीची दोन चित्रं पाठवली. एकात डावा पाय कृत्रिम, दुसऱ्यात दोन्ही पाय शाबूत; आमचा सिद्धान्त त्यांच्याही कानावर गेला होता. कथेला धरून कोणतं, ते कळवा म्हणाले. मी ती चित्रं ऐटीत घरी आणली.

"दुसरंच चित्र कळवावं लागणार," मी वहिनीला सांगितलं. "पहिली तर मेली ना."

"मेली? कुणी मारली?"

मी सिद्धान्त समजावला. तक्तेही दाखवले, काय करणार, सवय.

"म्हणजे इतकी वर्षं तिनं जे केलं ते दोन पायांच्या बाईच्या नावावर घातलंत तुम्ही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हे वाईट लक्षण. "भावजी, त्या सगळ्या गोतावळ्यात आमच्यातली एकच बाई होती. आता नव्या मालिकेतून तिलाही काढताय. तो भाग लावा बघू."

तिने तो प्रसंग तीनदा पाहिला, कपाळाला आठ्या घालून. चौथ्यांदा पाहताना ती एकदम हसली. "रविवारी मी येतेय," एवढंच म्हणाली. मी लगोलग तक्ते गुंडाळून ठेवले, कारण मी वहिनीलाही ओळखतो आणि मोजणीसाहेबांनाही.

रविवारी कोणतं चित्र कळवायचं यावर मंडळात मतदान होतं. वहिनी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "लावा. हं, थांबवा इथे. स्क्रूचं डोकं आपल्याकडे आहे, दिसतंय ना? कुठल्या बाजूला फिरवतेय ती?"

"डावीकडे," पहिल्या रांगेतला बेकरीवाला म्हणाला.

"डावीकडे फिरवला की स्क्रूचं काय होतं?"

"सैल होतो."

"म्हणजे यान कोसळतंय आणि ही बाई पाय सैल करून धावत सुटते. मी असं केलं तर त्या दारापर्यंतसुद्धा पोचणार नाही, तोंडावर आपटेन."

बेकरीवाल्याला गप्प बसवेना. "अंतराळात स्क्रूचे आटे उलटे असतील."

"बाराव्या भागात तिनंच उजवीकडे फिरवून आवळलाय. तेव्हा काय ती बाजारात गेली होती?"

हशा झाला. मोजणीसाहेब हसले नाहीत.

"ही फिल्म उलटी लागलीय," वहिनी म्हणाली. "आरशात दिसतं तसं. पाय डावाच आहे, भांग जिथल्या तिथे आहे, बाई तीच आहे. बनवणाऱ्यांची चूक झाली."

हे शब्द तिथे इतक्या वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. एवढी साधी गोष्ट आम्हा वीस शहाण्यांच्या डोक्यात कशी आली नाही, याची मला आजही लाज वाटते. बनवणाऱ्यांच्या चुकीकडे आम्ही बघायलाच तयार नव्हतो.

"बाई, तुम्ही नियम मोडलात," मोजणीसाहेब म्हणाले.

"मोडला. महिनाभर खुर्च्या मांडते."

"पण तुम्हाला एवढं का लागलं? गोष्टच आहे ती शेवटी."

एकोणीस वर्षं त्या गोष्टीपायी बायकोची बोलणी खाल्लेला माणूस हे म्हणत होता. वहिनीने मात्र सरळ उत्तर दिलं.

"हा भाग लागला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पाय कापून तीन आठवडे झाले होते. मला उभं करायला रोज दोन नर्सबाया यायच्या आणि मी त्यांना चावायचे. त्या दिवशी वॉर्डातल्या टीव्हीवर ही बाई पाय आवळून उठली आणि धावली. मी पलंगाची कड धरून उभी राहिले, कुणी न सांगता. आता तुम्ही म्हणता ती दोन पायांची होती, सोंग करत होती. मग मी कुणाचं बघून उभी राहिले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला लपवू. मोजणीसाहेब उठले. प्रोजेक्टरवर चित्र उलटवायचं बटण असतं, ते त्यांनी दाबलं आणि प्रसंग पहिल्यापासून लावला. सारथी खाली बसली. पाना उजवीकडे फिरला. डावा पाय घट्ट झाला, ती उठली, धावली आणि यान तिने उतरवलं. साहेबांनी ते शेवटपर्यंत उभ्यानेच पाहिलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी मेलेली ठरवली तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मत घ्या."

बेकरीवाल्यासकट सगळे हात पहिल्या चित्रासाठी वर गेले. मी पत्र लिहून काढलं. त्यावर नेहमी अध्यक्षांची सही असते, पण साहेबांनी कागद आणि पेन वहिनीपुढे सरकवलं. तिने पत्र वाचलं, सही केली, आणि सहीच्या वर जागा होती तिथे स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "ही भूमिका एका पायाच्या नटीलाच द्या, तिचा पाय मी बनवून देते."