वाल्देमारच्या छातीतलं वेटोळं

इल्दा एत्चेवेरी मोंतेविदेओच्या एका छोट्या कारखान्यात चोवीस वर्षं एकच काम करत होती. सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून केसाहून बारीक तारेची वेटोळी वळायची. ती वेटोळी तांदळाच्या दाण्याएवढ्या उपकरणात बसत, आणि उपकरण माणसाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत. त्याला बॅटरी नसे. छातीवर बाहेरून चकती ठेवली की तिच्यातून हवेतूनच वेटोळ्याला वीज मिळे. तेवढ्यापुरतं ते जागं होई, रक्ताचा दाब कळवी आणि पुन्हा गप्प होई.

दोन वर्षांपूर्वी असं एक उपकरण तिच्या धाकट्या भावाला, वाल्देमारला बसवलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, इल्दानेच त्याला वाढवलं. सेर्रो टेकडीच्या चढावर त्याचं खाटकाचं दुकान. मोठा झटका येऊन गेल्यावर हृदय अर्धंच काम करत होतं. इल्दाने नोंदवही काढून क्रमांक पाहिला, तर वेटोळं तिच्याच हातचं निघालं. मग काय, वाल्देमार गिऱ्हाइकांपुढे छाती ठोकून सांगायचा, "बहिणीने हातपाय बांधलेच होते, आता आतूनही बांधलंय."

कामावर जाण्याआधी ती रोज त्याच्याकडे जाई. माते या कडू चहाचं पाणी तापेपर्यंत चकती त्याच्या छातीवर ठेवी. आकडे तिला चकतीच्या पडद्यावर दिसत, तसेच दवाखान्यातही पोचत.

"काल खारट चोरिसो सॉसेज खाल्लेस."

"सांगितलं का तुझ्या चहाडखोराने?"

"किती खाल्लेस?"

"ते नाही सांगितलं त्याने? मग काम कच्चं आहे तुझं, म्हातारे."

मार्चमध्ये आकडे चढू लागले. पाय सुजले. एका सकाळी तिला फडताळात खारवलेल्या मांसाचं पुडकं सापडलं आणि तिचा तोल गेला.

"मी सगळा जन्म तुझ्यामागे धावत काढला, आणि तू हे लपवतोस?"

"नको धावूस. कोण म्हणालं धाव?"

"बरं. उद्यापासून तुझं तू बघ."

पाच दिवस ती गेली नाही. तो फोन करेल अशी वाट बघत राहिली. सहाव्या सकाळी फोन आला तो शेजारणीचा.

वाल्देमार पलंगावर होता, चकती उशाशी. त्या पाचही सकाळी त्याने ती स्वतःच लावली होती, हे दवाखान्यातल्या नर्सने फोनवर सांगितलं. आकडे वाईट होते. नर्सने दोनदा फोन करून त्याला बोलावलं होतं.

"मंगळवारी येतो म्हणाले," नर्स म्हणाली. "आणि म्हणाले, बहिणीला कळवू नका. आधीच चिडलीय, उगाच घाबरेल."

त्याला न्यायला माणसं यायची होती. इल्दाने दार लोटून घेतलं, चकती चालू केली आणि सवयीने, सदऱ्याखाली, डाव्या बाजूला ठेवली. हिरवा दिवा लागला. वेटोळं जागं झालं होतं. पडद्यावर एरवी वरखाली होणारी रेघ सरळ चालली होती, न थरथरता, अगदी स्वच्छ. वेटोळ्यात कुठे दोष नव्हता. तिने हात काढला नाही. बाहेर पावलं वाजेपर्यंत ती ती रेघ बघत बसली.

उपकरण काढून घेतलं तर तपासणीला उपयोग होईल, असं डॉक्टरांनी हळूच सुचवलं.

"नको," इल्दा म्हणाली. "आता त्याला कुणी काही विचारू नका."

सोमवारी ती कामावर हजर झाली. हात पूर्वीसारखेच स्थिर होते. आठवडाभर वेटोळी वळली, त्यातलं एकही वाया गेलं नाही. शुक्रवारी तिने मुकादमाकडे पॅकिंगला बदली मागितली.

"डोळे दुखतात का, इल्दाबाई?"

"डोळ्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. तिने शेवटचं वेटोळं डबीत ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.