दादाविरुद्ध लावलेल्या बोल्या

माझ्याकडे एकेचाळीस फेल्ट हॅट आहेत आणि डोकं एकच आहे, हे माझ्या बायकोचं वाक्य. ती ते पाहुण्यांसमोर म्हणते, पाहुणे हसतात, मीही हसतो. या हॅट मी का जमवल्या हे तिला मी अजून धड सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात फार थोडं आहे, लाजण्यासारखंच जास्त.

मूळ हॅट वडिलांची. ते तरुणपणी साताऱ्याकडून दिल्लीला सरकारी नोकरीवर आले, करोल बागेत दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं, आणि पहिल्याच थंडीत कान धरून बसले. त्या वेळी मायदेशी परतणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव चालला होता. तिथे एका राखाडी हॅटला कुणीतरी दहा रुपये म्हणालं. वडील अकरा म्हणाले आणि हॅट त्यांची झाली. गोल आकड्याला बरकत नसते, असं त्यांचं ठाम मत होतं. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया सगळेच घालतात, पण वडील वर्गणी, देणगी, बक्षिसी, सगळ्यालाच वर एक लावत. ती खोड आम्हा दोघा भावांनाही लागली. मऊ फेल्ट, काळपट लाल रिबीन, आत घामाने काळी पडलेली चामड्याची पट्टी, अशी ती हॅट पुढे चाळीसेक हिवाळे त्यांच्या डोक्यावर होती. गल्लीतले लोक त्यांना 'हॅटवाले बाबूजी' म्हणत.

वडील गेले तेव्हा मी नुकताच गुडगावला राहायला गेलो होतो. परदेशी कंपनीतली नोकरी, बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली अमेरिकन नाव लिहिलेली कमान आणि कमानीबाहेर चिखल. आई आधीच गेली होती. दादा मोठा, तो करोल बागेतच राहिला आणि मानेसरच्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. वडिलांच्या वस्तू आवरताना त्याने हॅट हातात घेऊन मला विचारलं, "नेतोस का?"

"राहू दे यार दादा, नव्या घरात कुठे ठेवू?"

हेच शब्द. कितीतरी वर्षं मी ते आठवत नसल्याचं सोंग केलं.

वर्षश्राद्धाला आम्ही करोल बागेत जमलो. चार नातेवाईक होते, दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातले दोघे-तिघे होते. कुणीतरी वडिलांच्या हॅटची आठवण काढली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "वहिनी, आणा ना ती, बघू दे सगळ्यांना." वहिनी गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, की कसर लागायला लागली होती, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात ती बोहारणीला गेली. शेल्फावर स्टीलचा एक नवा डबा होता. मला कुठून बुद्धी झाली देव जाणे. मी त्या डब्याकडे बोट दाखवून म्हणालो, "म्हणजे बाबांना देऊन हा घेतला तर."

वहिनी आत गेल्या. दादाने मला दाराकडे हात केला आणि एवढंच म्हणाला, "तू जा आता." मी जेवणाच्या पानावरून उठून गेलो, आणि गुडगावपर्यंत गाडीत मोठमोठ्याने स्वतःचीच बाजू मांडत राहिलो. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा तर सुंभही जळला नव्हता.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंचे लिलाव चालतात हे मला ऑफिसातल्या एकाने दाखवलं. मी गंमत म्हणून 'राखाडी फेल्ट हॅट' असं शोधलं आणि शेकडो निघाल्या. मेलेल्या, न मेलेल्या सगळ्या माणसांच्या टोप्या, समोरून, मागून, आतून फोटो काढलेल्या. वडिलांच्या हॅटसारखी हॅट मिळवायची आणि दादाच्या नाकावर टिच्चून ती घालून मंडळाच्या गणपतीला जायचं, असं मी ठरवलं. गणपतीत दिल्लीत घामाच्या धारा लागतात, हा विचार मला शिवला नाही.

तिसऱ्या की चौथ्या लिलावात मी जिंकलो तेव्हा बोल्यांची यादी उघडून बघितली. हरणाऱ्याने लावलेला आकडा त्यात जसाच्या तसा दिसे, आणि जिंकणाऱ्याने कितीही मोठी बोली लावली तरी त्या आकड्याच्या जरासं वरच द्यावं लागे. बाकीचे लोक वीस, साडेबावीस, पंचवीस असे चढत गेलेले, आणि माझ्या खालोखाल एक बोली होती एकतीस डॉलरची. पुढच्या लिलावात पुन्हा तोच माणूस, एकवीस. त्याच्या पुढच्या लिलावात एक्कावन्न. तिथे प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं असे. त्याच्या नावाच्या शेवटी जो आकडा होता तो आमच्या करोल बागेतल्या घराचा नंबर होता. आणि मी तर घरात मला हाक मारत तेच नाव घेतलं होतं. त्याने मला ओळखलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

आता खरं सांगायला हवं. मला आनंद झाला. भाऊ सापडल्याचा नव्हे, हरवायला माणूस सापडल्याचा.

आणि त्याला हरवणं अगदी सोपं होतं. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, लिलाव संपायचे ते सात-साडेसातला. दादाची कंपनीची बस साडेसहाला. त्याला आपला आकडा लावून निघून जावं लागे. शेवटच्या मिनिटाला तो मानेसरच्या रस्त्यावर असे आणि मी दाढीचा साबण तोंडाला लावून कॉम्प्युटरसमोर. शेवटची वीस सेकंदं उरली की मी त्याच्या वर बोली टाकायचो. बायको चहा ठेवून म्हणायची, "असं काय रे करतोस, ऑफिसला नाही का जायचं?" मी म्हणायचो, "बस, एक मिनिट." त्या एका मिनिटाने माझा दिवस चांगला जायचा.

हॅट येत राहिल्या. परदेशी टपालाच्या कचेरीत पार्सल सोडवायला जावं लागे. तिथल्या बाबूने एकदा खोका उघडून हॅट नाकाला लावली आणि म्हणाला, "साहब, इतनी दूर से किसी और का पसीना मँगवाया?" मी त्याच्याशी भांडलो. घरी आणून मी ती किटलीच्या वाफेवर धरायचो, चेपलेला काठ सरळ करायचो, मऊ ब्रशने उलट्या-सुलट्या दिशेने झाडायचो आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवायचो. तपकिरी, हिरव्या, काळ्या. पुढे पुढे राखाडी असायलाच हवी असंही राहिलं नाही. दादाने जिच्यावर बोली लावली, ती मला हवी असे. माझ्या डोक्याला त्यांतल्या निम्म्या बसतही नव्हत्या.

त्याने बोली लावलेल्या सगळ्या राखाडी असतात, सगळ्यांना गडद रिबीन असते, हे मला दिसत होतं. म्हणजे तोही वडिलांसारखीच शोधत होता. 'आता पश्चात्ताप होतोय का?' असं मी मनातल्या मनात त्याला विचारायचो आणि मला बरं वाटायचं.

मग एका नोव्हेंबरात ती आली. राखाडी, काळपट लाल रिबीन, काठाला तीच बारीक शिवण, आतल्या चामड्यावर त्याच लंडनच्या दुकानाचा पुसट सोनेरी शिक्का. लहानपणी मी त्या शिक्क्यावरून बोट फिरवत असे. फोटो बघून माझे डोळे भरून आले, हे खरंच आहे. मी दोनशेएकपर्यंत जायची तयारी ठेवली. शेवटच्या मिनिटाला बोली टाकली, आणि हॅट एकशेतीनलाच माझी झाली. यादी उघडली. खालोखाल दादा. एकशे एक. त्याआधी तो एक्कावन्नच्या वर कधी गेला नव्हता. मी खुर्चीवर मागे रेलून, दाढीचा साबण वाळलेल्या तोंडाने, हसलो.

त्यानंतर तो दिसेनासा झाला. डिसेंबरात दोन चांगल्या राखाडी हॅट आल्या, त्याची बोली नाही. रुसला असेल, म्हटलं बरंच झालं. त्या दोन्ही मी जवळजवळ सुरुवातीच्याच किमतीला घेतल्या आणि खोके आठवडाभर उघडलेच नाहीत. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत नाही. मार्चमध्ये मी यादीत दुसऱ्याच कुणाचे आकडे बघत बसलो होतो, तेव्हा एकदम आठवलं. दादाला रक्तदाब होता. वडील त्याच्यानेच गेले होते. चार महिने माणूस गप्प आहे आणि मी स्वस्तात हॅट मिळतात म्हणून खूश आहे!

रविवारी मी करोल बागेत गेलो. निघताना ती हॅट कपाटातून काढली होती. पिशवीत ठेवली आणि परत काढली. 'आधी बघू तर, तो काय म्हणतो,' असं स्वतःला समजावलं. वाटेत मिठाई घेतली.

दार दादानेच उघडलं. चांगला खणखणीत होता, थोडा वजनाने वाढलाच होता. मला बघून म्हणाला, "ये, बस." वहिनींनी पाणी आणलं. मग चहा आला, बशीसकट, पाहुण्यांच्या कपातून. पुतणी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर अभ्यास करत होती. कुशल विचारून झालं, वाटेतल्या ट्रॅफिकचं बोलून झालं. मग मीच म्हणालो, "दादा, मला माहीत होतं, तो तूच आहेस."

मला वाटलं होतं तो हसेल. म्हणजे मग मीही हसलो असतो आणि सगळं मिटलं असतं.

"मलाही माहीत होतं, तू आहेस," तो म्हणाला. "तुलाच द्यायची होती रे. ही मागे लागली होती. म्हणाली, कुठूनही आणा, पण तशी हॅट भावजींच्या हातात ठेवा, मला हा डाग नको. मी म्हटलं, ठीक आहे, मिळाली की घेऊन जाऊ गुडगावला."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"मग सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तू ओळखलं होतंस ना? मग मी दर वेळी वाट बघायचो, एकदा तरी सोडशील. ती नोव्हेंबरातली आली, तेव्हा हिने तिचे साठवलेले दिले. एकशे एक लावले. म्हटलं, हा आकडा बघून तरी त्याला कळेल. बसमध्ये सगळा वेळ तेच डोक्यात होतं. दुपारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघितलं." त्याने कप माझ्याकडे सरकवला. "चहा घे, गार होतोय."

मी चहा घेतला. 'मी ती उद्याच आणतो,' हे वाक्य माझ्या तोंडात होतं. 'वहिनी, चुकलो,' हेही होतं. मी दोन्ही चहाबरोबर गिळली. आणि मी काय बोललो? "घरी ब्रॉडबँड घेतलंस का?" असं बोललो. तो म्हणाला, "बिल्कुल, मुलीच्या क्लाससाठी."

निघताना जिन्याशी वळून मी सवयीने म्हणालो, "येतो." आपल्यात त्यावर 'ये' म्हणतात. तो म्हणाला, "हां, बरं," आणि मी दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत वरून दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी एकही बोली लावलेली नाही. ती हॅट त्याला नेऊन द्यावी, असं अधूनमधून मनात येतं. पण त्याला ती स्वतःसाठी कधीच नको होती. ती माझ्यासाठीच होती आणि माझ्याकडेच आली आहे. मध्ये दादाचा हात यायचा होता, तेवढा मी वगळला.