काय चालू राहिलं का?

आमच्या ह्यांनी विमान बांधलं. हो, विमानच. नोकरी संपल्यावर लोक कुंडीत गुलाब लावतात, ह्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या बंद शेडमध्ये दोन माणसांचं विमान उभं केलं. टॉवेलांचे यंत्रमाग कधीच भंगारात गेले होते, फरशीवर त्यांच्या पायांचे काळे डाग तेवढे उरलेले. त्या डागांवर हे पांढरंशुभ्र धूड. मला तिथं एकटीनं जायला नको वाटायचं.

सासरे त्या शेडमध्ये टॉवेल विणायचे. वीज गेली आणि मागांची बटणं चालूच राहिली, की वीज आल्यावर सगळे माग एकदम ओढतात आणि वायर जळते. म्हणून शेड बंद करताना मामंजी दारात उभे राहून रोज विचारायचे, "काय चालू राहिलं का?" आतून ह्यांनी "काय न्हाय, बाबा" म्हटल्याशिवाय कुलूप लागायचं नाही. मामंजी गेले, माग गेले, विचारणारं कुणी उरलं नाही.

विमान तयार होत आलं तसा ह्यांचा हात सुटला. आधी रेडिओ बसवला, मग नकाशाचा स्क्रीन. मग उतरताना लागणारे दोन मोठे दिवे, शेपटावरचा लुकलुकता दिवा, फोनचं चार्जिंग. आणि ऊन लई म्हणून मामंजींच्या टेबलावरचा पंखा, मोटर बदलून.

"अहो, एवढं सगळं ओढणार कोण?" मी विचारलं.

"अगं, सगळं एकदम कुठं चालतंय? बाबांच्या एका लायनीवर किती माग हुते. धागा तुटून निम्मे कायम बंदच की."

माझं डोकंच फिरलं. धागा तुटला की माग थांबतो, वर आभाळात कुणाचा धागा तुटणार आहे? इंजिनावरचा आल्टरनेटर वीज करणार मोजकी, तीही इंजिन जोरात असेल तरच. उतरताना इंजिन मंद, आणि दिवे, रेडिओ, पंखा नेमके तेव्हाच चालू. इंजिनाला पेट्रोल पाजणारा पंपही त्याच विजेवर. आणि हे साहेब येत्या रविवारी पहिल्यांदा उडणार होते.

"उडायच्या आधी सगळं एकदम चालू करून दाखवा," मी म्हटलं, "नाहीतर मी चाकाखाली आडवी पडेन."

"लई ताणतीस तू," म्हणाले, पण ऐकलं.

एमआयडीसीच्या वीज-सुट्टीचा दिवस होता. भर दुपारी आजूबाजूचे सगळे माग गप्प. विमान अंगणात ओढलं, चाकांना विटा लावल्या, शेपूट दोरखंडानं लिंबाला बांधलं. मी ह्यांच्या शेजारी बसले, कानाला हेडफोन लावले. इंजिन मंद ठेवून ह्यांनी एकेक बटण दाबलं.

हेडफोनमध्ये वाजायला लागलं, खट्ट... खट्ट... खट्ट.

"शेपटावरचा दिवा लुकलुकला की रेडिओत वाजतंय," हे म्हणाले. असेल. पण लांब कुठंतरी माग चालावा तसाच आवाज होता.

बराच वेळ बॅटरीनं भार ओढला, काही झालं नाही. जिंकल्यासारखं माझ्याकडं बघायला लागले. मग पंखा मंदावला. स्क्रीन काळा पडला. दिवे पिवळे झाले, मग लाल. रेडिओ गेला. कुणीतरी एका टोकाकडून बटणं बंद करत चालत यावं, तसं. शेवटी पंपाची घरघर थांबली, इंजिन दोनदा खोकलं आणि पंखाही थांबला, पुढचा, मोठा.

हेच वर झालं असतं तर. माझी बोटं ह्यांच्या बाहीत रुतली होती. मी ह्यांना चांगलं फैलावर घेणार होते, पण थांबले. कारण कानात अजून वाजत होतं, खट्ट... खट्ट. रेडिओ तर बंद पडला होता. मी हेडफोन काढून टाकले. आवाज मागून, शेडच्या उघड्या दारातून येत होता. हळू हळू होत तो थांबला.

ह्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं. मोठ्या माणसाला द्यावं तसं, खालच्या आवाजात उत्तर दिलं,

"काय न्हाय, बाबा."

मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मग ते खाली उतरले, पाना आणला, आणि सगळ्यात आधी मामंजींचा पंखा सोडवला.