एका हातानं चालेल अशी गाडी

माझी थोरली लेक अगदी तान्ही होती तेव्हा विहिरीच्या पायऱ्यांवर मी घसरले आणि माझा उजवा हात कोपरात मोडला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात जोडला, पण कोपर वाकडंच राहिलं आणि बोटांतली पकड गेली. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. वाशिमजवळच्या अनसिंगच्या पलीकडे आमचं खेडं. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि ही लेक, एवढीच माणसं.

बसून लेकीला मांडीवर घेणं, पाजणं, हे जमायचं. पण तिला घेऊन चार पावलं टाकायची म्हटलं की भीती वाटायची. डाव्या कडेवर घ्यावं तर ती मागे झुकली की सावरायला दुसरा हात नाही. एकदा ओसरी उतरताना ती सटकलीच. मी गुडघ्यानं तिला भिंतीशी दाबून धरलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्या येईपर्यंत मी तशीच उभी होते. त्यांनी मग पाठीला झोळी बांधून पाहिली. पण वावरात गेल्यावर ती गाठ सोडायची कोणी आणि पुन्हा बांधायची कोणी?

लेकीला सासूबाईंपाशी ठेवावं, असं सगळे सांगत. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका दुपारी मी वावरातून आले तर लेक रांगत चुलीपाशी गेलेली, मूठभर राख तोंडात, आणि सासूबाई दारात बसून तिलाच हाका मारताहेत. राख थंड होती म्हणून बरं. त्या दिवसापासून भाकरी घेऊन वावरात गेले की माझं अर्धं चित्त घरी असे. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. डाव्या हातानं का होईना, मी वेचायला जाणं भाग होतं.

यजमानांना कुणीतरी सांगितलं की वाशिमला एका वकिलांच्या घरी बाबागाडी पडून आहे, मुलं मोठी झाल्यामुळे ती कोणाला तरी देऊन टाकायची आहे. ते हरखले. बाजाराच्या दिवशी दमणीला बैल जुंपले आणि लेकीला घेऊन आम्ही निघालो. वाटभर ते गाडीबद्दलच बोलत होते. मी नुसतं हो हो म्हणत होते. एवढ्या हौसेनं नेताहेत आणि मला ती जमली नाही तर काय तोंडानं सांगायचं, हाच विचार.

गाडी खरंच देखणी होती. वेतानं विणलेली, उंच चाकांची, वर काळं छत. वकिलीणबाईंनी ती पुसून ठेवली होती. यजमानांनी लेकीला आत बसवलं आणि अंगणातून दोन चकरा मारल्या. लेक खिदळत होती. मी म्हटलं, मला ढकलू द्या. डाव्या हातानं दांडा धरला तर गाडी सरळ जाईना, सारखी एका बाजूला वळे. लेकीला बाहेर काढावं म्हटलं तर कठडा माझ्या छातीला लागला. एका हातानं तिला तेवढ्या उंचीवरून उचलणं मला शक्यच नव्हतं.

यजमान म्हणाले, सवयीनं जमेल. गाडी रस्त्यावर चालवून पाहू म्हणून त्यांनी ती दाराबाहेर नेली. तिथं उतार होता. वकिलीणबाईंनी चहाला हाक मारली, ते दांडा सोडून मागे वळले आणि गाडी आपोआप चालू लागली. मी धावून दांडा धरला, पण माझ्या एका हातानं ती थांबायच्या ऐवजी गरकन फिरली आणि चाक दगडाला अडकून कलंडता कलंडता राहिली. लेकीला तो खेळच वाटला. मी मात्र यजमान धावत येईपर्यंत दांडा सोडला नाही.

"ही गाडी मले नको," मी म्हणाले. परक्या माणसांसमोर यजमानांना असं नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"काहून? चांगली तं हाय."

"तुमच्या हातानं चालते. माह्या हातानं नाई चालत."

गाडी न घेताच आम्ही परतलो. घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हिले सांभाळाची हाय बापू, तुले नाई. हिले इचार न कशी पाह्यजे ते."

मग मी सुताराच्या कामठ्यावर, तो काम करायचा त्या जागी, यजमानांच्या शेजारी उभी राहून मला हवं ते सांगितलं. बसकी हवी, म्हणजे मी खाली बसून लेकीला मांडीवरून आत सरकवू शकेन. चाकं रुंद हवीत, काळ्या मातीत रुतू नयेत. आणि मागचा आडवा दांडा माझ्या पोटाला टेकेल असा, म्हणजे डावा हात मोकळा राहील. लेकीला कमरेशी बांधायला सुती पट्टा. गाडी तयार झाली ती दिसायला एखाद्या खोक्यासारखी.

पण लेकीला तिच्यात ठेवायचा मला धीर होईना. तिच्याएवढ्या वजनाची ज्वारीची पिशवी बांधून मी गल्लीतून, मग वावराकडे जाणाऱ्या पांदणीतून गाडी नेऊ लागले. बायका हसत, म्हणत, ज्वारीले हवा खाऊ घालून राह्यली. मी ऐकून घेई. पिशवी एकदा कुशीवर घसरली, तर पट्टा आणखी वर घेतला.

शेवटी एका सकाळी लेकीला बसवून निघाले. पांदणीच्या वळणावर समोरून गुरं आली. दोन्हीकडे काट्याचं कुंपण, धूळ उडालेली. मला गाडी वळवता येईना. मी पुढे झाले, गाडीकडे पाठ करून उभी राहिले आणि डाव्या हातानं पदर हलवत हैक हैक करत राहिले. गुरं अंगाला घासून गेली. मागे वळून पाहायची हिंमत होत नव्हती. पाहिलं तेव्हा लेक धुळीनं पांढरी झालेली, पट्टा चोखत बसली होती.

गुराख्याकडून यजमानांना ते कळलं. संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून मीच येतो तिले न्याले."

"तुमी वावर पाहा," मी म्हणाले. "मी उद्या बी जाईन."

भीती माझी तेव्हाही गेली नव्हती, पण एकदा घरी बसले असते तर पुन्हा निघाले नसते. पुढचे काही दिवस मी निघायच्या वेळी ते त्या वळणावर काहीतरी काम काढून उभे असत. कधी कुंपण नीट करायचं, कधी काटे छाटायचे. मी गाडी घेऊन त्यांच्यासमोरून पुढे जाई. पुढे ते यायचे थांबले.

होळीच्या सुमाराला लेक चालायला लागली आणि गाडीत बसेना. माझ्या डाव्या हाताचं बोट धरून ती पांदणीनं तुरुतुरु चालायची, आणि मला विंचूकाट्याची नवी भीती लागली.