पोरीचं कोयनेल मी प्यालो

माझी थोरली मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी मी तिला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी समजू नये. आमच्या घरात तशी रीतच होती. आईबाप डोळ्यांसमोर वावरत असताना स्वतःचं लेकरू मांडीवर घेऊन बसणारा माणूस निलाजरा. चुलतभावाचं पोर खांद्यावर नाचवा, शेजाऱ्याचं शेंबूड पुसा, कोणी काही म्हणायचं नाही. आपलं मात्र लांबून पाहायचं आणि पाहताना कोणाच्या लक्षात आलं की लगेच आढ्याकडे पाहायचं. मी इतक्या वेळा आढ्याकडे पाहिलं होतं की आमच्या माजघराच्या वाशांच्या सगळ्या गाठी मला पाठ झाल्या होत्या.

आम्ही माळी. गाव अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या वाटेवर, बैलगाडीने अर्ध्या दिवसाचं. थोडी संत्र्याची झाडं, बाकी भाजी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, सगळा कारभार नागपूरहून चालायचा. पण आमच्या घरचा कारभार बाबा चालवत, आणि बाबांना मायकडून काय हुकूम यायचा ते त्या दोघांनाच ठाऊक. माझं काम बैल हाकणं आणि हो म्हणणं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पोरीला हिवताप धरला. एक दिवस सोडून एक दिवस यायचा, म्हणून त्याला एकांतरा म्हणत. आधी हुडहुडी भरायची, मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळायला लागायची. डासांचा आणि तापाचा काही संबंध असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. संत्र्याच्या आळ्यांत पाणी साचलेलं, डास घोंगावत असायचे, आणि आम्ही त्यांना कडुनिंबाचा धूर देत असू तो बैलांना झोप लागावी म्हणून. ताप काकडी खाल्ल्याने येतो, असा आमच्याकडे पक्का समज होता. आम्ही गावभर काकड्या विकायचो आणि घरात कोणाला खाऊ देत नव्हतो.

मायने तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. काडेचिराइताचा काढा दिला, दंडाला काळा दोरा बांधला, दृष्ट काढली. मग तापाला फसवायचा उपाय केला. तापाची पाळी असेल त्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन सकाळीच शेजारी जाऊन बसायची. ताप आमच्या घरी येईल, पोर नाही असं पाहून परत जाईल, असा हिशेब. ताप आमच्याहून हुशार होता. तो विचारत विचारत शेजाऱ्याकडे जायचा.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात यावर कोयनेल, म्हणजे क्विनीनचं औषध, देतात, हे मी बाजारात ऐकलं होतं. मायनेही ऐकलं होतं. पण तिचं मत ठाम होतं.

"गड्याच्या अंगात कोयनेल जिरते," ती म्हणायची. "लेकराच्या नाई जिरत. कान जातात."

आता, पोरीला दवाखान्यात न्या, असं मी बाबांना म्हणावं तर कसं? आपल्याच पोरीची काळजी बापाजवळ बोलून दाखवायची म्हणजे तिला मांडीवर घेण्यापेक्षा मोठा निलाजरेपणा. मी युक्ती काढली. बाबा गोठ्यात होते तेव्हा मी बैलाच्या मानेवर हात फिरवत मोठ्याने म्हणालो, "काय रे बाप्पा, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात म्हणे हिवतापावर लय चांगलं औषध भेटते."

बाबांनी कामातून मान वर केली.

"बैलाले काय झालं?"

"काई नाई."

"मंग त्याले दवाखान्याचं काहून सांगून राहिला?"

माझी पहिली युक्ती इथे संपली. पुढचे दोन दिवस बाबा त्या बैलाचे डोळे आणि जीभ तपासत होते.

दुसरी युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. ताप मलाच आला तर? मी कमावता गडी. मला दवाखान्यात पाठवतील, औषधाची बाटली घरी येईल, आणि त्यातलं पोरीच्या तोंडात गुपचूप घालायला किती वेळ लागतो! मी खाटेवर पडलो आणि दात वाजवायला लागलो. मायने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळी माझ्यावर टाकल्या. आश्विनातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. थोड्या वेळात मी घामाने निथळलो, मायने कपाळाला हात लावून "उतरला" म्हटलं आणि मला झेंडू तोडायला पाठवलं.

एक दिवस सोडून मी पुन्हा पडलो, कारण सोंग घ्यायचं तर नीट घ्यावं. या खेपेला बाबांनी मला झेंडूच्या पाट्यांबरोबर गाडीत घातलं आणि अमरावतीला नेलं. दवाखान्यात आपली बाटली आपणच न्यायची असे. कंपाउंडरने ती भरली, वरून पेल्यात एक मात्रा ओतली आणि म्हणाला, "ही इथंच घ्या. माझ्या पुढ्यात." मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडेच पाहत होते. मी प्यालो. आयुष्यात एवढं कडू मी कधी प्यालो नव्हतो, आणि अंगात ताप नव्हता ते वेगळंच.

बाटली घरी आली आणि मायने ताब्यात घेतली. ज्वारीच्या कणगीत ठेवून वर झाकण, झाकणावर पाटा. सकाळ-संध्याकाळ ती बाहेर काढायची, ओतायची आणि माझा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. पोरीला नाही, नाही म्हणणाऱ्या त्या बाईने मला एक थेंब चुकू दिला नाही. पोरीचा ताप चालू, आणि औषध मी घेतोय. माझ्यासारखा ठणठणीत माणूस त्या औषधाने आडवा व्हायची वेळ आली. कानात रातकिडे बसले. पुढे पुढे माय समोर उभी राहून बोलायची आणि मला तिचे ओठ तेवढे हलताना दिसायचे. माय सगळ्यांना दाखवायची, पाहा, चांगला गडी बहिरा झाला, लेकराचं काय झालं असतं! म्हणजे कोयनेलवर कोणाचा थोडा विश्वास असला तर तोही मी घालवून बसलो.

इकडे पोर खंगत चालली. चेहरा हळदीसारखा पिवळा, पोट टणक, हातपाय काड्या. मधल्या दिवशीही ती आता खेळत नव्हती. आणि मग ती रडायची थांबली. हुडहुडी भरली तरी नुसती डोळे उघडे ठेवून पडून राहायची. मला त्याची फार भीती वाटली. ती जाणार आणि मी आढ्याकडे पाहत बसणार, असं मला सारखं वाटायला लागलं.

त्या दुपारी मी बायकोला गाठायला गोठ्यामागे गेलो. तिचे दिवस भरत आले होते. ती तिथे गोवऱ्या थापत होती. दिवसा बायकोशी बोलणं हेही आमच्याकडे बसत नव्हतं, म्हणून मी तिच्या कानाशी वाकलो आणि कुजबुजलो.

निदान मला तरी ते कुजबुजणं वाटलं.

"मले ताप नाईच! मी सोंग केलं! औषध पोरीसाठी आणलं होतं! पोरगी मरून जाईन ना वं! मी उद्या तिले घेऊन पळतो दवाखान्यात, कोणी काई म्हणो!"

बायकोने शेणाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. मला कळेना की एवढं काय झालं. मग मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या दाराशी बाबा उभे होते, हातात अर्धवट वळलेला दोर. ओसरीवर माय सूप घेऊन थिजलेली. कुंपणापलीकडे शेजारीण, तिची सून, आणि वाटेने जाणारे दोघे-तिघे थांबलेले. मी बायकोला सांगितलेलं गुपित वेशीपर्यंत गेलं होतं.

बाबा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मग माय बोलली, बराच वेळ बोलली, आणि तेवढ्यापुरते त्या कोयनेलचे माझ्यावर उपकार झाले. मी शेणाने माखलेलं तोंड घेऊन उभा राहिलो. शेवटी बायकोने बोटाने अंगणाकडे दाखवलं. बाबा गाडीला बैल जुंपत होते.

बायकोला त्या अवस्थेत गाडीतून न्यायचा प्रश्नच नव्हता. मायने पोरीला गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवलं, पण स्वतः आली नाही. त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणाली, असं मला नंतर कळलं. बाबा पुढे कासरा धरून, मी मागे, आणि आमच्यामध्ये कडब्यावर पोर. चाक खड्ड्यात गेलं की ती घरंगळायची. मी गोधडीचं टोक धरून तिला जागेवर ओढायचो, पोतं ओढावं तसं. बाबांनी दोनदा मागे पाहिलं. मग ते काहीतरी म्हणाले.

"आं?" मी म्हणालो.

"घे तिले!" ते ओरडले.

मी तसाच बसलो. बाप समोर असताना कसं घेणार? बाबांनी तोंड पुढे वळवलं आणि आजूबाजूच्या पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया उठून पाहायला लागतील इतक्या जोराने ओरडले, "मी समोर पाहून राहिलो! मले मागचं काई दिसत नाई!"

मी तिला घेतलं. घेतलं म्हणजे संत्र्याची पाटी घेतो तशी, दोन्ही हात पुढे करून. मला दुसरी तऱ्हा येत नव्हती. पोर इतकी हलकी लागली की मला रडू आलं, आणि मी रडलो, मोठ्याने की हळू ते सांगता येणार नाही. बाबांनी अमरावती येईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर जबलपूरकडून बदलून आलेला होता, हिंदी बोलायचा. त्याने पोरीचं पोट दाबून पाहिलं, पाणथरी म्हणजे प्लीहा वाढल्याचं बाबांना सांगितलं, आणि विचारलं, "बाप कौन है?"

एवढं मात्र मला ऐकू आलं. माझी मान सवयीने खाली गेली. "बाबांची नात हाये," मी पुटपुटलो.

"वो तो ठीक है. बाप कौन?"

"हा," बाबांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे ढकललं. "हा बाप हाये तिचा."

औषध पाजायला मलाच धरायला लावलं. पोरीने पहिला घोट माझ्या अंगावर थुंकला. दुसरा डोळ्यात. किती दिवसांनी ती हातपाय झाडून, टाहो फोडून रडत होती, आणि मी त्या थुंकीने भिजून हसत होतो. हा माणूस वेडा आहे का, असं कंपाउंडरने बाबांना विचारलं. "हो, बह्याडच हाये," बाबा म्हणाले.

ताप तुटेपर्यंत आम्ही अमरावतीतच धर्मशाळेत राहिलो. पाळीचा दिवस आला. सकाळपासून आम्ही दोघं तिच्या अंगाला आळीपाळीने हात लावत होतो. दुपार झाली, हुडहुडी आली नाही. संध्याकाळी तिने भाकरी मागितली. बाबा भाकरी आणायला म्हणून बाहेर गेले आणि फार उशिरा, लाल डोळ्यांनी परत आले. डॉक्टरने बजावलं की ताप थांबला तरी औषध थांबवायचं नाही, आणि एक भरलेली बाटली सोबत दिली.

परतीच्या वाटेवर पोर माझ्या मांडीवर झोपली होती. माझे कान तोवर बरेचसे मोकळे झाले होते, हे बाबांना ठाऊक नसावं. किंवा असावंही. ते बैलांकडे पाहत, अगदी हळू बोलले.

"तुह्या आंधी एक पोरगी होती मले."

मला हे माहीत नव्हतं. घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

"असाच ताप होता. आमचा बुढा होता ना घरी. म्या कधी हात नाई लावला तिले." बैलांनी थोडी वाट काटली. "एकदाच उचलली. मातीत ठेवाले नेली तवा."

मी पोरीवरची गोधडी सारखी केली. आम्ही तसेच पुढे गेलो. गावाची वेस दिसायला लागली, पाणवठ्यावरच्या बाया दिसायला लागल्या, आणि माझे हात आपोआप पोरीला कडब्यावर ठेवायला लागले.

"राहू दे," बाबा म्हणाले. या खेपेला मात्र त्यांनी वळून पाहिलं होतं, सरळ माझ्याकडे. "राहू दे तिले तुह्याजवळ."

त्यांनी गाडी रोजच्यासारखी गोठ्याकडे वळवली नाही. भर गावातून, सगळ्यांच्या समोरून, ओसरीच्या पायरीशी आणून उभी केली. मी पोरीला दोन्ही हातांवर घेऊन खाली उतरलो. कुंपणापाशी शेजारीण उभी होती, दाराआड बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. आढ्याकडे पाहावं म्हटलं तर वर नुसतं आभाळ होतं. माय पायऱ्या उतरून आली. तिने पोरीच्या कपाळाला, गळ्याला, पोटाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी डोळे मिटले.

तिने माझा डावा कोपर धरून वर उचलला आणि पोरीचं डोकं माझ्या खांद्यावर नीट टेकवलं.

"मान धरत जाय तिची, बह्याडा," ती म्हणाली, आणि बाबांकडून पोरीच्या औषधाची बाटली मागून घेऊन आत गेली.