चालून कुणी वाळतं व्हय?

मला काहीतरी मोठा आजार झालाय, ही बातमी आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत सगळ्यांना कळली होती, फक्त मला सोडून. किराणा दुकानातल्या बाई डाळ तोलता तोलता थांबायच्या आणि हळूच विचारायच्या, "रिपोर्ट आले का?" कसले रिपोर्ट, असं मी विचारलं की त्या नुसती मान हलवायच्या. बिचारी लपवतेय, असा त्याचा अर्थ. मी डाळ घेऊन तणतणत घरी यायचे.

खरं तर आजारी मी त्याच्या दोन वर्षं आधी होते. वजनाचा काटा शंभराच्या पुढं गेलेला, शुगर वाढलेली, घरचा जिना चढायचा तर मधे एकदा टेकावं लागायचं. तेव्हा कुणी चौकशी केली नाही. आमच्याकडं जाड बाई म्हणजे खात्यापित्या घरची बाई. तिच्याकडं बघून लोकांना नवऱ्याची कमाई दिसते आणि सासूचा चांगुलपणा दिसतो. माझ्या थोरल्या बहिणीबद्दलही लोक असंच कौतुकानं बोलायचे. शुगरनं आधी तिची नजर नेली, मग किडन्या नेल्या, आणि मग तीच गेली. तिचं तेरावं करून परतले त्या आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले, "ताई, तुम्ही त्याच वाटेवर आहात."

मी जन्माची भित्री. निर्धार, जिद्द वगैरे शब्द माझ्या वाट्याला आलेले नाहीत. पण भीती माणसाकडून काय काय करून घेते ते मी सांगू शकते. मी पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर आले. चहातली साखर गेली, मग बऱ्याच दिवसांनी चहाच कमी झाला. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आत उरकायला लागले. सगळ्यात अवघड गेलं ते उरलंसुरलं न खाणं. मूठभर भात, अर्धी पोळी, वाटीभर आमटी, टाकवत नाही म्हणून इतकी वर्षं मी पोटात टाकत आले होते. माझं पोट म्हणजे घरातलं एक जादा पातेलंच झालं होतं. ते बंद केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी रोज जवळजवळ दोन माणसांचं जेवत होते.

आणि चालणं. मुकुंदवाडीचं स्टेशन लहान, मोजक्याच गाड्या थांबतात, सकाळी फलाट मोकळा असतो. उजाडताना मी तिथं जायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. सुरुवातीला एका फेरीत बाकडं गाठायचे. फलाटावर झोपलेली कुत्री मला बघून उठायचीसुद्धा नाहीत, इतकी मी हळू चालायचे. वजन उतरायला लागलं तेही कुत्र्यांच्याच तालावर, महिन्याला किलो, दीड किलो. कधी काटा दोन-दोन महिने हलायचाच नाही आणि मला वाटायचं, संपलं. पण दोन वर्षांनी तो सत्तरच्या आसपास आला. गोळ्या निम्म्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हे असंच टिकवा. वजन परत वाढलं तर मात्र इंजेक्शनशिवाय गत्यंतर नाही."

टिकवा म्हणणं सोपं. शेजारी एक खाला राहतात, शिवणकाम करतात, माझे सगळे ब्लाऊज त्यांनीच लहान करून दिले. माप घेताना त्यांची टेप थांबली. म्हणाल्या, "इत्ती सूख गई बेटा तू? डॉक्टर को बताई क्या?" मी हसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अच्छा है. पर मैं अंदर माया छोडी. फिर भर गई तो उसवके देती." शिलाईच्या आत ते दुमडलेलं कापड मला अंगाला टोचत राहायचं. इतरांचं हसण्यावारी नेता येत होतं, पण खालांना माझी खरी काळजी होती. त्यांनाही वाटतंय म्हणजे खरंच काही असेल का? मन चिंती ते वैरी न चिंती. आंघोळ करताना मी गळ्याखाली, काखेत गाठी शोधायला लागले.

अशात लेकीला स्थळ आलं. माझी नणंद पाचोडला असते, तिनं आणलेलं. मुलगा वाळूजच्या कंपनीत, घरची शेती, माणसं तालेवार. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलांचे फोन सुरू झाले. लेक गच्चीत जाऊन हळू आवाजात बोलायची आणि खाली येताना तिचा चेहराच सगळं सांगायचा. मी मनातल्या मनात आहेराच्या साड्या निवडायला लागले होते. आठवड्यानं नणंदेचा फोन आला.

"मुलगी पसंत हाय," ती म्हणाली. "पण मुलाची आई इचारतीय, तिच्या आईला काय झालंय? माझ्या पोराच्या लग्नात तिनं तुला पाहिलेलं, वैनी. तवा तू कशी भरलेली होतीस. आता पार पाप्याचं पितर. ती म्हणती, आईचं दुखणं उद्या लेकीला आलं म्हंजे?"

मी चालण्याचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं.

"चालून कुणी वाळतं व्हय?" नणंद म्हणाली. "हितं समदे दिवसभर रानात चालत्यात. तिला ते पटत नाय. दिवाळी झाली की ते पुन्हा येणार हायेत. तवा बघून ठरवणार."

म्हणजे मुलीला बघून झालं होतं. आता मला बघायला येणार होते.

माझे यजमान भांडणाला भिणारे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी जेवताना भाजीकडं बघत म्हणाले, "दिवाळीपर्यंत जरा खाल्लंस तर? लग्न ठरू दे, मग तुझं तू परत सुरू कर." मी भडकले. म्हटलं, "अहो, डॉक्टर काय म्हणालेत ते ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "दोन महिन्यांनी काय होतंय?" मी लेकीकडं बघितलं. तिनं काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. ती उठली, तुपाचं भांडं आणलं आणि माझ्या भातावर चमच्यानं तूप वाढलं. म्हणाली, "खा ना, आई."

ते तूप मी खाल्लं. रागवायचं तरी कुणावर? तिच्या वयात मीही तेच केलं असतं.

दसरा गेला, दिवाळी आली. चिवडा, करंज्या, अनारसे, सगळं घरात. चालणं बंद, कारण चाललं तर चढलेलं उतरेल. दोन वर्षांत गेलेल्यातलं बरंच वजन दोन महिन्यांत परत आलं. जाताना जे एकेक किलोसाठी रडवत होतं ते येताना चपला घालून पळत आलं. खालांनी ब्लाऊज उसवून दिले. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, "आता कशा बऱ्या दिसताय." सकाळी माझ्या तोंडाला कोरड पडायची. पाणी पीत ओट्याशी उभी राहिले की बहिणीची आठवण यायची, शेवटी शेवटी तीही अशीच सारखी पाणी प्यायची. शुगर तपासायला मी गेलेच नाही. आकडा कळला असता तर खाता आलं नसतं.

पाहुणे यायच्या दिवशी मी पुरणपोळ्या करत होते. लेक शेजारी उभी राहून वाट्या पुसत होती. एकदम तिनं माझा दंड धरला. "आई, पाय." मी खाली बघितलं. उकळत्या कटाचा मोठा शिंतोडा माझ्या उजव्या पावलावर पडला होता. कातडी लाल होऊन वर आलेली. केव्हा पडला ते मला कळलंच नव्हतं.

"घाईत लक्ष गेलं नसेल," मी म्हणाले.

शुगरच्या माणसाच्या पायाची जाणीव जाते, पाय जपा, हे डॉक्टरांनी आम्हा मायलेकींना समोर बसवून सांगितलं होतं. लेकीनं मलम आणलं, खाली बसून लावलं. तिनं फोडाच्या शेजारी बोट दाबलं आणि विचारलं, "इथं कळतंय?" कळतंय, मी म्हणाले. नीट कळत नव्हतं. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

पंगत बसली. मुलाच्या आईनं मला वाढू दिलं नाही. "तुम्ही बी बसा माझ्यासंगं," म्हणत तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. माझ्या ताटातल्या दोन पोळ्या संपल्या तेव्हा ती खुश झाली. "आता बघा कशा दिसताय, विहीणबाई," ती म्हणाली. ठरलं नव्हतं तरी तिनं विहीणबाई म्हटलं, आणि समोर बसलेल्या आमच्या यजमानांनी सुटकेचा श्वास घेतलेला मला दिसला. मग तिनं तिच्या ताटातली पोळी मोडली, तुपात बुडवली आणि घास माझ्या तोंडाशी आणला. बाई मनानं वाईट नव्हती. तिच्या हाताला माया होती, हे मला आजही वाटतं.

लेक तुपाची वाटी घेऊन वाढत होती. ती आमच्यासमोर थांबली.

"काकू, आईला नको आता," ती म्हणाली. "तिला शुगर आहे. जाड होती तेव्हा ती आजारी होती, चालून-चालून बरी झाली होती. तुम्ही बघायला येणार म्हणून आम्हीच तिला दोन महिने खायला घातलं. मीच घातलं."

नणंद म्हणाली, "अगं, गप की." लेक गप्प झाली नाही.

"लग्न नाही जमलं तरी चालेल. पण मला बाळंतपणाला आई पाहिजे."

नवऱ्यामुलासमोर, बाप्यांच्या भरल्या पंगतीत, लग्न ठरायच्या आधी बाळंतपणाचं नाव. कुणाला कुठं बघावं कळेना. मुलानं मान खाली घातली. त्याच्या आईचा हात थोडा वेळ तसाच माझ्या तोंडापुढं राहिला. मग तिनं तो घास परत आपल्या ताटात ठेवला आणि पाणी मागितलं.

जाताना ते "कळवतो" म्हणाले. पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. मी पुन्हा फलाटावर जायला लागले आणि पुन्हा पहिल्याच फेरीत बाकडं गाठायला लागले. लेकीचे फोन थांबले. ती गच्चीत जायची, पण रिकाम्या हातानं. शेवटी नणंदेनंच निरोप दिला. त्यांना आईच्या दुखण्याचं काही वाटत नव्हतं, शुगर काय हल्ली घरोघरी आहे. पण मुलगी तोंडाळ आहे.

मी लेकीसमोर रडले. म्हटलं, माझ्यापायी तुझं घर मोडलं. ती म्हणाली, "मोडायला आधी झालं कुठं होतं?" आणि ती रात्रीचं जेवली नाही.

दीड वर्षानं तिचं दुसरीकडं जमलं. माणसं साधी आहेत, आग्रह कमी करतात. माझं चढलेलं वजन उतरायला मात्र त्याहूनही जास्त वेळ लागला, आणि पायाची जाणीव पुरती परत आली नाही. आता लेक सातव्या महिन्यात माहेरी आलीय. मी फलाटावरून आले की ती मला खाटेवर बसवते, डोळे मिटायला लावते आणि माझ्या पायाचं एकेक बोट धरून विचारते, "सांग, आई, कुठलं धरलंय?"

मी सांगते. बहुतेक वेळा बरोबर येतं.