आठवं गाणं हंगामात येतं

मी पाडा सोडला त्या दिवशी बा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालत होता आणि आय मागून तीच तीच यादी म्हणत होती: नागलीचं पीठ, सुकी मासळी, उडदाची डाळ. फाट्यावर पेठकडून नाशिकला जाणारी एसटी आली तेव्हा बाने पेटी आत ढकलली, कंडक्टरला उगाचच रामराम घातला आणि मला म्हणाला, "जिथं गातात तिथं गा. जिथं गात नाय तिथं गप ऱ्हा." मला वाटलं, हॉस्टेलवर नीट वागण्याबद्दल सांगतोय. मी मान डोलावली. बारावी पास झालेल्या मुलीला सगळं कळत असतं.

हे लिहितेय ते पाड्यावर राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखी पेटी उचलून निघून गेलेल्यांसाठीही. त्या वर्षी आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, जे झालं त्याच्या गोष्टी तुम्ही आपापल्या परीने सांगता. एका गोष्टीत तर मी रडत रडत बाच्या पाया पडले म्हणे. तसं काही झालं नव्हतं. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका.

नाशिकने मला पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यावरून हसून घेतलं आणि दुसऱ्या वर्षी नोकरी दिली. सातपूरच्या एका कंपनीत मी क्वालिटी तपासायला लागले. पितळेचे छोटे भाग गेजमध्ये घालायचे, बसले तर ओके, नाही बसले तर रिजेक्ट. 'हाय'चं 'आहे' कधी झालं ते कळलंही नाही. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गायचे. लग्न, हळदी, सोसायट्यांचे वर्धापनदिन. नाशिकच्या द्वारका चौकात बस बदलताना मागच्या कार्यक्रमाची लिपस्टिक पुसायची आणि रूमवर मालकीणबाईंसमोर सोज्वळ चेहऱ्याने जायचं, असं माझं तेव्हाचं आयुष्य होतं. तक्रार करत नाहीये. मला ते फार आवडायचं.

मिलिंददादा मला ऑर्केस्ट्रातच भेटला. कीबोर्ड वाजवायचा. त्याचे वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे तालाचं बाळकडू त्याला घरातच मिळालेलं. दिवसा तो लेथवर काम करायचा आणि त्याच वर्कशॉपच्या माळ्यावर, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या ठोकून, त्याने स्टुडिओ उभा केला होता. शेजारी प्रेस मशीन. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीला. एकदा आम्ही हट्टाने कामाच्या दिवशी टेक घेतला, तर माझ्या विरहाच्या ओळीत दर चौथ्या मात्रेला धप्प असा आवाज. दादा म्हणाला, "राहू दे ना, बीट फुकटात मिळाली." ती अजून त्या गाण्यात आहे. नीट ऐका.

असं करत दीड वर्षात सात गाणी झाली. हॉस्टेलवर, बसवर, एका मुलावर (नाव विचारू नका), मालकीणबाईंवर. पॉपची गाणी, नाचता येतील अशी. मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीतल्या बाईंना ती आवडली. त्या म्हणाल्या, "आठ करा, अल्बम काढू. पण गणपतीच्या आधी बाहेर आला पाहिजे. त्या दिवसांत गाणी वाजतात." फोन ठेवला आणि मी माळ्याच्या जिन्यावर बसून मोठ्याने हसले. खाली चहा पिणारे दोन फिटर वर बघायला लागले.

आठवं गाणं माझ्याकडे होतंच. ते बाच्या पावरीवरून सुचलेलं होतं. ज्यांनी पावरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: वाळलेला भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या मेणाने बसवलेल्या, टोकाला कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाक घेत राहतं, गाल देत राहतात, आणि सूर तासभर सलग चालतो. त्याच्याभोवती अख्खा पाडा हातात हात घालून फिरतो. माझं म्हणणं असं होतं, की गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बाची खरीखुरी पावरी हवी. दादाने कीबोर्डमध्ये तसला आवाज शोधून दिला. तो ऐकून मला दाराची करकर आठवली.

वैशाखात मी घरी गेले आणि बाला विचारलं. बा खळ्यावर दावं वळत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "आता? भात अजून पेरलं बी नाय."

तुम्हांला ठाऊक आहे, पण बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे तेरा नावाचा सण झाल्याशिवाय तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या, पानांची भाजी खात नाहीत, आणि नवं भात देवाला दाखवून खाल्ल्याशिवाय पावरी खाली काढत नाहीत. नव्यापासून वाघबारस, फार तर दिवाळी, तेवढाच तिचा हंगाम. बाकीचं वर्ष ती आढ्याला टांगलेली. मी म्हटलं, "बा, ही कामाची गोष्ट आहे. माझं करिअर आहे." बा म्हणाला, "पावरी वाजली का माणसाचे पाय थांबत नाय. भात उभं असताना पाय नाचाय लागले तं आवणी कोन करंल?" आय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "थांब की चार-पाच महिनं. कुठं आग लागली?" मला आगच लागली होती, पण ती त्यांना कशी दाखवणार.

मी परत आले. आणि मग ते केलं.

माझ्या मोबाईलमध्ये मागच्या दिवाळीचा व्हिडिओ होता. बा वाजवतोय, पोरं फिरताहेत, मध्येच कुत्रं भुंकतंय. मी तो दादाला दिला. त्याने दोन दिवस खपून कुत्रं काढलं, पोरांचा गलका काढला, एकटी पावरी उरवली. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी मनाची समजूत काढली, की वाजवली तर हंगामातच ना? आपण फक्त मिक्सिंग आता करतोय. कंपनीत मी रोज गेजवर बसत नाही तो भाग बाजूला टाकते. इथे मात्र गेजच वाकवला. बाला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

बाईंना आठवं गाणं सगळ्यांत जास्त आवडलं. म्हणाल्या, हेच आधी सोडू, अल्बम मागून. आषाढात गाणं बाहेर आलं. ऑर्केस्ट्रातल्या मुलींनी त्यावर नाचून व्हिडिओ टाकले. सातपूरच्या बसमध्ये एका अनोळखी मुलाच्या मोबाईलवर मी माझा आवाज ऐकला आणि माझा स्टॉप गेला. मला वाटलं, पोचलो आपण.

पाड्यावर गाणं पोचलं ते आवणीच्या दिवशी. पोरांनी कौतुकाने बांधावर स्पीकर ठेवला: आपल्या यमनीचं गाणं! चिखलात वाकलेल्या तुम्ही सगळ्या. आधी पावरी वाजली, आणि कोणीतरी रोप हातातून खाली ठेवलं. मग सगळ्यांनीच ठेवलं. स्पीकर बंद केला तरी त्या दिवशी पुन्हा कोणी चिखलात उतरलं नाही. वर्षाचा पहिला सूर चुकीच्या वेळी पडला होता. हे मला आयने फोनवर सांगितलं. बा तिच्या शेजारीच होता, पण फोन घेत नव्हता. शेवटी घेतला. ओरडेल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "मशीन तुझं, पोरी. पर दम माझा हाय. इचारायचं तरी." मग म्हणाला, "मी समद्यांना सांगितलं, चूक माझी. औंदा पावरी निघायची नाय."

त्या वाक्याने मी हादरले. पाड्यावर पावरी वाजवणारा बा एकटाच. त्याने ती काढली नाही तर त्या वर्षी नव्याला कोणी नाचणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मला अल्बम हवा होता आणि बाची पावरीही वाजायला हवी होती, आणि दोन्ही एकाच वेळी हातात राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला सांगितलं, गाणं खाली घ्यायचं. त्याने आधी मला वेड्यात काढलं. "भाई लोक अल्बम यावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि तू चालतं गाणं बंद करतेस? तेलही जाईल, तूपही जाईल." मी त्याला बाचं वाक्य सांगितलं. तो बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाच्या ढोलकीला कोणी न विचारता हात लावला असता ना, तर त्याने दोन दिवस जेवण सोडलं असतं. घे गाणं खाली." बाईंना मी फोन केला. त्यांचा आवाज गार पडला. असं कोणी करत नाही, गणपतीची वेळ हुकेल, मग आम्ही काही सांगू शकत नाही. मी 'सॉरी' म्हटलं, पण गाणं त्याच दिवशी खाली उतरवलं. गणपती आले, वाजतगाजत गेले. माझं एकही गाणं कुठे वाजलं नाही. तो महिना मी फार वाईट काढला. गेजमध्ये भाग घालता घालता डोळे भरायचे आणि सुपरवायझर मला सर्दीची गोळी आणून द्यायचे.

लवकर येणारं हळवं भात पिकलं तेव्हा मी नव्याला घरी आले. दादा म्हणाला, "मी पण येतो." दोन पिशव्यांत माइक आणि मशीन घेतलं. मी म्हटलं, बा वाजवणार नाहीये. तो म्हणाला, "नाही तर नाही. भात खाऊन येऊ."

कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, नव्या तांदळाचा घास ठेवला, तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहिले. बा मध्ये पडायला लागला, तर मी म्हटलं, "बाची चूक नाही. त्याने नको सांगितलं होतं. मी चोरून घेतलं." पाया पडले नाही, रडलेही नाही. मग आय म्हणाली, "आता चुकलं म्हनलीय पोर. भात निवतंय." सगळे जेवायला बसले. माझ्या पानात भात जरा जास्तच पडला. तिथेच माझा निम्मा जीव परत आला.

जेवण झाल्यावर बाने दादाला विचारलं, "तुमचा बा काय वाजवायचा?" दादा म्हणाला, "ढोलकी." "अन् आता?" "आता नाही ते. ढोलकी आहे घरात." बा उठला, घरात गेला आणि आढ्याची पावरी काढून आणली. तिच्यावरचं जाळं धोतराने पुसलं, नळीच्या फटीत मेण दाबलं. मला म्हणाला, "लाव तुझं मशीन. आता इचारलंस ना." खरं तर मी विचारलंच नव्हतं. मी पटकन पिशवीतून माइक बाहेर काढला.

दिवस मावळतीला लागला होता. बा वाजवायला लागला आणि तुम्ही सगळ्या हात धरून फिरायला लागलात. दादा हेडफोन लावून खळ्याच्या कडेला उकिडवा. थोड्या वेळाने त्याने खूण केली, काका, झालं, बास. बाला मध्येच थांबणं ठाऊकच नव्हतं. पाऊण तासाने सूर थांबला तेव्हा दादाने सवयीने विचारलं, "काका, एक रिटेक घेऊ?" रिटेक म्हणजे काय ते मी बाला समजावलं. बा म्हणाला, "मंग पयलं खोटं होतं का?" दादाने मशीन बंद केलं.

या वेळी कुत्रं काढलं नाही. पावलं, हसू, आयने कोणाला तरी मारलेली हाक, सगळं गाण्यात ठेवलं. ते बाईंना पाठवलं आणि सोबत माझी अट: अल्बममध्ये सात गाणी राहतील, आठवं दर वर्षी नव्याला येईल आणि दिवाळीनंतर खाली उतरेल. बाईंनी चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "असं कोणी करत नाही. म्हणून करून बघू." वाघबारशीच्या आधी अल्बम आला. फार गाजला असं नाही म्हणणार. पण मी अर्धा दिवस नोकरी आणि अर्धा दिवस गाणं करून जगू शकते, इतपत चालला. दादाने गाद्या काढून भिंतींना खरा फोम लावलाय. बा फोनवर माझी बाकीची सातही गाणी ऐकतो आणि मालकीणबाईंचं आवडतं म्हणतो.

तरी घर म्हणजे काय, हे मला परवा निफाडला कळलं. द्राक्षांची तोड जोरात चालू होती आणि एका बागायतदारांच्या कार्यक्रमात मी गायला गेले होते. लोक रंगात आले आणि पुढच्या रांगेतून मागणी सुरू झाली: आठवं! आठवं! दिवाळी कधीच होऊन गेली, आता पुढच्या नव्यापर्यंत ते गाणं नाही, हे कसं समजावू, याचा मी माइकपाशी उभी राहून विचार करत होते. तेवढ्यात अगदी मागून, तोडीला आलेली माणसं उभी होती तिथून, एक बाई जोरात ओरडली, "नाय! अजून नवं खाल्लं नाय!" आणि तिच्या आजूबाजूचे वीसपंचवीस जण एका सुरात तेच म्हणायला लागले. पुढचे लोक माना वळवून बघत राहिले. त्यांना काही समजेना.

मला ती माणसं ओळखीची नव्हती. पेठची असतील, सुरगाण्याची असतील. एवढी वर्षं मी घर मागे ठेवून आले असं समजत होते, आणि ते इथे द्राक्षबागेत उभं राहून मला 'थांब' म्हणत होतं. मी हसले, मागे बघून हात हलवला, आणि दादाला दुसरं गाणं घ्यायला सांगितलं.